नळी आपोआप सुटत नाही

"मॅडम, तुमची गाडी शिटी मारतेय."

माजिवड्याच्या सिग्नलला, सकाळी साडेआठ वाजता, कुणी काचेवर टकटक करून असं म्हणालं तर मुलीनं काय समजायचं? मी काच दोन बोटं खाली केली. शेजारी बाइकवर एक जण होता. हेल्मेटची काच वर, मान तिरकी, आणि नजर माझ्याकडे नाहीच... माझ्या बॉनेटकडे.

"गाडी मारतेय ना? मी नाही ना मारत? मग पुढे बघा."

"तुम्ही मारली असती तर एवढी काळजी वाटली नसती," तो म्हणाला. "रेस आपोआप वर-खाली होते का?"

होत होती. महिनाभर होत होती. माझा भाऊ विकी म्हणायचा, जुनी गाडी आहे, तिला तिचे मूड आहेत. त्यानं स्वतःसाठी नवी गाडी घेतली आणि ही मूडवाली मला दिली. सिग्नल सुटला, बाइकवाल्यानं पुलाखालच्या मोकळ्या जागेकडे हात केला, आणि मी – चौदा जणांच्या रक्ताच्या बाटल्या मागच्या सीटवर बर्फात असताना – मुकाट्यानं गाडी बाजूला घेतली. का घेतली, ते अजून मला नीटसं सांगता येत नाही.

त्यानं बॉनेट उघडलं आणि बॅगेतून हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनवरून हळूहळू फिरवायला लागला. डोळे मिटलेले. शेजारून ट्रक चालले होते, हॉर्न किंचाळत होते, आणि हा माणूस देवळात उभं राहावं तसा उभा. मग एका जागी त्याचा हात थांबला, आणि तो हसला. मला नाही – इंजिनला.

"ही बघा." एक काळी, बारीक नळी नुसतीच लोंबत होती. "व्हॅक्यूमची लाइन. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर हिचं काम चालतं. ही सुटली की त्या भोकातून फुकटची हवा आत जाते. गाडीला वाटतं, मालकिणीला घाई आहे."

नळी त्यानं अंगठ्यानं जागेवर ढकलली. बारीक 'टक' झालं आणि शिटी थांबली. ती सतत वाजत होती हे मला थांबल्यावर कळलं.

"किती द्यायचे?"

"नळी ढकलायचे पैसे घेत नाही. कोलशेतला पर्सी अंकलच्या गॅरेजमध्ये असतो मी. धनेश. परत काही झालं तर या." मग माझ्या मागच्या सीटकडे बघून, "तुम्ही काय करता?"

"घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते. लॅबसाठी."

"बरं झालं मी काचेच्या बाहेर होतो," तो म्हणाला आणि गेला.

'परत काही झालं तर या.' आता सांगा, काही झालंच नाही तर?

पुढचे आठ दिवस गाडीला काही झालं नाही. मी कान लावून बसायचे. गाडी मख्ख. आणि माझी एक खोड आहे – मला बिनकामाचं कुणाकडे जाताच येत नाही. घरात सहा चुलत भावंडं. त्यातली मी कामाची. कुणाला दवाखान्यात न्या, कुणाचं पार्सल आणा, कल्पिताला सांगा. मला जो तो बोलावतो तो कामासाठी, आणि मी जाते ती कामासाठी. सत्तावीस वर्षांत कुणाच्या दारात जाऊन 'सहज आले' म्हटल्याचं मला आठवत नाही. तोंड माझं तुरुतुरु चालतं, पण ते दोन शब्द निघत नाहीत.

म्हणून नवव्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बॉनेट उघडलं, इकडेतिकडे बघितलं, आणि ती नळी ओढून काढली. माझ्या हाताला नळ्यांची सवय आहे. एका झटक्यात आली.

गॅरेज खाडीच्या बाजूला, दोन टॉवरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होतं. पर्सी अंकल तिथले जुने, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. गुडघ्यापर्यंतची चड्डी, छातीवर क्रॉस आणि भोंग्यासारखा आवाज. फाटकाजवळची भिंत त्यांनी काळी रंगवून घेतलेली. महिन्याच्या आत जी गाडी त्याच तक्रारीनं परत येईल, तिचा नंबर त्या भिंतीवर खडूनं लिहायचा आणि खाली ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव. पुसायचं नाही. पस्तीस वर्षांचा नियम. कारागीर पोलिसांना भीत नसतील एवढे त्या भिंतीला भीत.

"परत सुटली?" धनेशनं नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "टोक सैल झालं असेल. कापून बसवतो."

"सावकाश करा. मला घाई नाही."

"गाडीला वाटत होतं, आहे."

मी हसले. त्यानं नळीचं टोक कापलं, वर क्लिप लावली, कान लावून ऐकलं. मी स्टुलावर बसून कटिंग चहा प्यायले. तो काम करताना बोलत नसे, पण मधूनच मान न वळवता एखादं वाक्य टाकायचा. "सुई टोचताना लोकांना काय सांगता?" "श्वास घ्या म्हणते." "आणि घेतला नाही तर?" "मग खोटं सांगते – झालं, झालं..." खाडीवरून खारा वारा यायचा. त्याच्या कानामागे ऑइलचा एक डाग होता, तो त्याला कधीच दिसणार नव्हता. मला दिसत होता.

निघताना अंकल भिंतीजवळ खडू घेऊन उभे होते. माझा नंबर, खाली 'धनेश'. "सहा वर्षांत पहिल्यांदा तुजा नाव आला रे," ते म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मला तेव्हा गंमत वाटली.

दोन आठवड्यांनी मी परत नळी काढली. या वेळी त्यानं नवी नळी घातली, क्लिप दोनदा आवळली. कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. हसला नाही. मी दोन विनोद केले, ते हवेत गेले. भिंतीवर माझा नंबर दुसऱ्यांदा लागला आणि मी मात्र घरी जाताना गाणं गुणगुणत होते.

तिसऱ्या वेळी माझी फजिती झाली. नवी नळी, घट्ट क्लिप, येता येईना. मी जोर लावून पिळली आणि नळीबरोबर तुकडाच हातात आला. जिथून त्या नळ्या फुटतात तिथे तीन तोंडांचा प्लास्टिकचा 'टी' असतो. वर्षानुवर्षं इंजिनची धग खाऊन तो पापडासारखा झालेला. त्याचं बारीक तोंड मी मोडलं होतं. सुटलेली नळी घेऊन जाणं वेगळं. मोडलेला टी घेऊन गेले असते तर त्यानं एका नजरेत ओळखलं असतं. मी फेविक्विक आणलं, तुकडा चिकटवला, आणि दोन दिवस काही झालंच नाही अशा थाटात गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी ठमाबाई आत्याला घेऊन निघाले. आत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीचे विधी तिच्या धवल्यांवर चालतात. ती गायल्याशिवाय हळद लागत नाही. त्या दिवशी हळद शहाडच्या पुढे होती, दुपारी चारला. शहाडचा पूल चढेपर्यंत ती खिडकीत बसून पुटपुटत होती, मग एकदम थांबली.

"कल्पे, तुजी गाडी सुरान नाय."

"काय नाही गं आत्या."

"मना सांगतंस? कनतरी वारा शिरतं."

आणि उतार लागला. मी ब्रेक दाबला – पेडल दगडासारखं. पाय तिथेच. गाडीची रेस आपोआप चढलेली, पुढे भाजीचा टेम्पो. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. टेम्पोच्या कोथिंबिरीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आत्याच्या हातातली पिशवी खाली पडली होती, नारळ सीटखाली गडगडत गेला होता, आणि ती माझ्याकडे बघत होती.

गाडी कशीबशी कडेला घेतली. कुणाला फोन करायचा हा प्रश्न मला पडलाच नाही.

धनेश कोलशेतहून पाऊण तासात आला. येताना वाटेवरचा सगळा धुरळा चेहऱ्यावर घेऊन आलेला. आधी आत्याला विचारलं, "मावशी, लागलं का कुठं?" मग मला नुसतं बघितलं. मग बॉनेट.

मोडका टी दिसताच तो खाली वाकला. आता कळणार. त्यानं बोट फिरवलं, चिकटवलेलं होतं ते आता पुरतं निखळून पडलेलं. फेविक्विकचा मागमूस त्या काळ्या तेलकटपणात दिसत नव्हता.

"याच लाइनवर ब्रेकला मदत मिळते," तो हळू म्हणाला. "तोंडच मोडून भोक मोठं झालं, म्हणून पेडल कडक झालं. चीर आधीपासून असणार हिला. मागच्या वेळी मी कान लावला तेव्हाही असणार." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला ऐकू यायला पाहिजे होतं."

मी बोलायला हवं होतं. तिथेच. पण मागच्या सीटवर आत्या होती, हळदीच्या घरून तीन फोन येऊन गेले होते... ही सगळी कारणं झाली. खरं म्हणजे मी घाबरले.

त्यानं एक बारका स्क्रू घेतला, नळाला लावतात ती पांढरी टेप त्यावर गुंडाळली, आणि मोडक्या तोंडात पिळून ते बंद केलं. गाडी चालू केली, माझ्याकडून ब्रेक दाबून घेतला. पेडल नरम. "आजच्यापुरतं चालेल. रविवारी आणा, पितळेचा टी बसवतो. तो मोडणार नाही."

"थँक्यू," मी म्हटलं.

तो रुमालानं हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. "एक विचारू? तुमच्या लॅबमध्ये... कान तपासतात का?"

"कुणाचे?"

"माझे बाबा इथेच शहाडजवळ एका कारखान्यात होते, मागावर. चाळिशीत कान गेले. सगळे एकदम नाही जात म्हणे. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, घड्याळ. शेवटी आईचा आवाज गेला." तो हसल्यासारखं करत होता. "नळी बसली की शिटी थांबते ना, ती थांबलेली मला कळते. पण तुमच्या गाडीत ती थांबत नसणार. बारीक उरत असणार, म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय, तीच नळीला ढिली करते. ती बारीक शिटी मला ऐकूच येत नाही. दोनदा नाही आली, आता तिसऱ्यांदा. अंकल गॅरेज मला देणार होते, त्यांच्या बायकोचे, थेल्मा आंटीचे गुडघे गेलेत, दोघं मुलीकडे वसईला चाललेत. मी परवा नाही म्हणून सांगितलं. कान नसलेल्या माणसानं लोकांचे ब्रेक कसे बघायचे? रविवारी ते जागा मागणाऱ्या टायरवाल्याला हो म्हणतील."

एवढं तो माझ्याशी एका वेळी कधी बोलला नव्हता. आणि मी काय म्हटलं? "चौकशी करून सांगते" म्हटलं.

हळदीच्या मांडवात आत्या गायली. मी मागे खुर्चीवर बसून होते. एरवी मी तिचा आवाज रेकॉर्ड करते. त्या दिवशी मोबाइल पर्समधून काढलाच नाही. एखाद्याच्या दाराशी जायला निमित्त हवं म्हणून मी त्याचं जे होतं ते सगळं ओढून काढलं होतं. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जेवताना आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. "बोल."

मी सगळं सांगितलं. नळी, क्लिप, फेविक्विक, सगळं. मला वाटलं, ती हसेल. किंवा गालावर हात फिरवील.

"माज्या जीवाशी खेललीस, ता मी सोरलं," ती भाताचा घास कालवत म्हणाली. "त्याच्या कानाशी खेललीस. ता सोरनारी मी कोन गो?"

रविवारी गॅरेजमध्ये पोचले तेव्हा अंकल चष्मा लावून कागद चाळत बसले होते. टायरवाला अकराला येणार होता. धनेशनं माझ्या गाडीचं बॉनेट उघडून काम सुरू केलं. टीचं मूळ इंजिनच्या भोकात रुतून बसलेलं. एक कण आत पडला तर इंजिन तो ओढून घेणार, म्हणून त्यानं कडेनं ग्रीस लावलं, स्क्रू गरम केला, त्या प्लास्टिकात हळूच फिरवला, आणि पकडीनं धरून केसाकेसानं वर ओढू लागला. श्वाससुद्धा रोखून.

थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"ती नळी सुटत नव्हती," मी म्हटलं. "मी काढत होते."

पकड थांबली.

"दोन्ही वेळा मीच काढली. तिसऱ्यांदा काढताना टी मोडला, तो मी चिकटवला. तुम्ही बसवलेलं सगळं नीट बसलं होतं. शिटी पूर्ण थांबत होती. तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं."

अंकलनी चष्मा काढला. "क्याला गो?"

"मला इथे यायचं होतं," मी म्हटलं. "यायला दुसरं कारण नव्हतं. मला... हा माणूस आवडतो, अंकल."

धनेशनं पकड परत घट्ट धरली आणि मूळ बाहेर काढलं, अख्खं, एक कण न सांडता. फडक्यावर ठेवलं. पितळेचा टी बसवला, नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या. गाडी सुरू केली. मग कानाला काही न लावता, नुसता वाकून उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. खांदे एकदम खाली आले, पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसे.

"येतंय," तो म्हणाला. मला नाही. कुणालाच नाही. "ऐकू येतंय मला."

मग वळला. डोळे लाल.

"चार रात्री झोपलो नाही मी. घड्याळ कानाला लावून पडून राहायचो. सकाळी उठून आईला म्हणायचो, काहीतरी बोल, हळू बोल... आणि तू इथे बसून चहा पीत होतीस." रागात पहिल्यांदा 'तू' म्हणाला तो मला. "मावशींना काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं असतं तर..."

"जा तू. गाडी झाली आहे."

मी निघाले. फाटकाशी अंकलनी माझ्या हातात खडू दिला. पुसायचं काही नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या नंबराखाली दोन ठिकाणी 'धनेश' होतं. दोन्हींच्या शेजारी मी माझं नाव लिहिलं, 'कल्पिता', चांगलं मोठं. मागे अंकल फोनवर कुणाला तरी सांगत होते, आज येऊ नको बाबा, जागा द्यायची नाही.

त्यानंतर अकरा दिवस त्याचा फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? गाडी मात्र गुणी मुलीसारखी चालत होती. शिटी नाही, रेस नाही, ब्रेक लोण्यासारखा. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. रोज सकाळी लोकांना म्हणायचे, श्वास घ्या, आणि स्वतः घ्यायचा विसरायचे. त्यानं माफ करावं असं वाटायचं, पण का करावं, याचं एकही कारण सापडत नव्हतं.

बाराव्या दिवशी काम आटपलं, गाडी पार्किंगमध्ये लावली, चावी आईकडे दिली आणि रिक्षा केली. एक वाक्य घोकत होते. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं.

धनेश एका टॅक्सीखालून बाहेर आला. मला बघितलं. मग माझ्या मागे बघितलं, मग फाटकाबाहेर.

"गाडी कुठेय?"

"घरी."

"बंद पडली?"

"नाही. छान चालतेय."

"मग?"

"मग काही नाही." घोकलेलं वाक्य ऐन वेळी पळालं. "काही बिघडलेलं नाही. काही काम नाही. सहज आले... म्हणजे सहज नाही. तुम्हाला बघायला आले."

तो पाना हातात तसाच धरून उभा राहिला. खाडीवरून वारा आला, टॅक्सीवाल्याचा रेडिओ कुठेतरी खरखरला. आम्ही दोघंही तिकडे बघायला लागलो, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"किती दिवस राहील, सांगता येत नाही."

"मी येत जाईन. आहे का बघून जाईन."

"आणि गेलेला असला तर?"

"तर बसेन थोडा वेळ."

त्यानं मान खाली घातली. हसू लपवत होता की राग, ते मला ओळखता आलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. मग पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"अजून गेलेला नाही," तो म्हणाला. "बस."